थेरॉनचा सत्तेचाळिसावा प्रश्न

"माहीत नाही," टॅम्सिन म्हणाली.

प्रश्न एकतिसावा होता आणि हे 'माहीत नाही' एकोणिसावं. आर्डिस नीमी मोजत होती. बत्तीस वर्षं शाळेच्या कचेरीत बसून लोकांकडून फॉर्म भरून घेतलेली बाई ती. रिकामा रकाना दिसला की तिचं डोकं फिरायचं.

"अगं पोरी, त्याला थंडी वाजते का, एवढंच विचारलंय. यात माहीत नसण्यासारखं काय आहे?"

"त्यानं अजून सांगितलं नाही ना."

"दोन वर्षं झाली त्याला येऊन!"

"लाजाळू असेल," टॅम्सिन म्हणाली, आणि लगेच घाईनं, "लिहा मग. लाजाळू. पण पेननं नको हं, पेन्सिलीनं लिहा."

'तो' दोघींच्या मध्ये, कॉफीचे कप आणि लेमन बारची ताटली यांच्या पलीकडे बसला होता. कोरियाहून मागवलेला, दोन फूट उंचीचा रेझिनचा बाहुला. आतून इलॅस्टिक ओवलेलं, गुडघ्याकोपरांत फिरणारे गोळे, त्यामुळे माणसासारखी मांडी घालायचा आणि माणसासारखाच कंटाळलेला दिसायचा. दोन वर्षांत त्याची तीन नावं होऊन गेली होती. आधी ज्युलियन, मग ॲश, मग पर्सी. सध्या नुसताच 'तो'.

डुलुथ शहराच्या बाहुली मंडळाच्या सभेत दर महिन्याला सगळे आपापल्या बाहुल्यांबद्दल बोलायचे. कुणाची सरदारकन्या, कुणाचा शिंपी, कुणाची विषारी झाडं पाळणारी जुळी. टॅम्सिनची पाळी आली की ती म्हणायची, "हा अजून विचार करतोय." पहिल्यांदा लोक हसले होते. चोविसाव्यांदा कोण हसणार? शेवटी मंडळ चालवणाऱ्या नेल्डा कोस्कीनं आर्डिसला गळ घातली, की नोव्हेंबरच्या ओळखीच्या सभेपर्यंत या पोरीच्या बाहुल्याला काहीतरी स्वभाव दे बाई, तुझ्याकडे ती प्रश्नावली आहे ना.

होती. चौऱ्याऐंशी प्रश्नांची, आर्डिसनं स्वतः बनवलेली. जन्म कुठं झाला इथपासून मरताना उशाशी कोण असावं इथपर्यंत.

"हे बघ," आर्डिस म्हणाली, आणि शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या थेरॉनकडे बोट दाखवलं. "हा आणि तुझा, एका साच्यातले. एकच कारखाना, एकच रंग, डोकं तर जसंच्या तसं. मग याच्या चौदा वह्या कशा झाल्या? मी बसून लिहिल्या म्हणून! रेझिनला काय स्वभाव असतो? डोकं म्हणजे नुसतं रेझिन. माणूस वहीत असतो."

"मला तसं नाही वाटत," टॅम्सिन म्हणाली. ती वृद्धाश्रमात काम करायची, आणि तिच्या आवाजात तिथलीच ती चिवट शांती होती. "आमच्याकडे नवीन आजोबा आले ना, की मी त्यांना काही विचारत नाही. जवळ बसते. आठ दिवसांनी आपणच बोलायला लागतात."

"तुझ्या आजोबांना तोंड असतं. आतून पोकळ नसतात ते!"

टॅम्सिननं वाद घातला नाही. ती कधीच घालत नसे, आणि त्यानंच आर्डिस जास्त चिडायची. ती थेरॉनची भरलेली प्रश्नावली चाळत होती. थेरॉन हा अठराशे नव्वद सालचा, सुपीरियर सरोवरावरच्या दीपगृहातला दुय्यम रखवालदार. काळा कोट, मिटलेले ओठ, कपाळाला एक आठी. मासे आवडत नाहीत. पत्रांना उत्तरं देत नाही. हवामानाची नोंद मात्र एक दिवस चुकवत नाही.

"सत्तेचाळीस," टॅम्सिननं वाचलं. "काय झालं की हसू येतं? उत्तर, येत नाही." तिनं वर बघितलं. "येत नाही म्हणजे? कधीच?"

"दीपगृहावर असतो तो. एकटा. नोव्हेंबरात. तिथं हसण्यासारखं काय आहे, तूच सांग."

टॅम्सिननं थेरॉनकडे जरा वेळ टक लावून बघितलं, आणि एक लेमन बार घेतला.

रॉइस असता तर आत्ता गॅरेजच्या दारातून हसण्याचा आवाज आला असता, हे आर्डिसच्या मनात येऊन गेलं. नवरा तिचा. ती चिडली की त्याला हसू यायचं. दाबायचा बिचारा, तोंडावर हात धरायचा, खांदे हलायचे. त्यानं ती अजून चिडायची, आणि मग तर त्याच्या डोळ्यांतून पाणीच यायचं. सदतीस वर्षं तिनं त्याला सांगितलं, की हे हसणं बरं नाही. चार वर्षांपूर्वी तो गेला. आता ती घरात कितीही चिडली तरी कुणी हसत नव्हतं.

सप्टेंबरात एका सकाळी नेल्डाचा फोन आला, "हवा कोरडी आहे. डोकी घेऊन या."

हा मंडळाचा वर्षातला एक दिवस. बाहुल्याचा चेहरा नव्यानं रंगवायचा तर जुना पुसावा लागतो, मग कोऱ्या चेहऱ्यावर स्प्रेचा एक हात मारावा लागतो, तेव्हा कुठं त्यावर रंग धरतो. हवा दमट असेल तर तो स्प्रे पांढरा पडतो आणि सगळं मुसळ केरात. सरोवराच्या काठी कोरडा दिवस म्हणजे नशीबच. म्हणून सगळ्यांनी आपापली डोकी पुसून तयार ठेवायची आणि फोन आला की नेल्डाचं गॅरेज गाठायचं.

थेरॉनचा चेहरा आर्डिसनं चार वर्षं पुसला नव्हता. ओठांचा रंग उडाला होता, गालाला मळ धरला होता, आणि नेल्डानं ते सभेत सगळ्यांसमोर बोलून दाखवलं होतं. पण चेहरा पुसायचा म्हणजे आधी काचेचे डोळे काढायचे, आणि डोळे बसवायचं काम रॉइसचं. तो माशांच्या गळाला लावायची पिसांची आमिषं बांधायचा. हात असा स्थिर, की टोचलेलं कळायचं नाही. डोक्याच्या आतून पुट्टी लावून तो डोळे असे बसवायचा, की थेरॉन बरोबर आर्डिसकडे बघायचा. त्या पुट्टीत त्याच्या अंगठ्याचा ठसा होता. आर्डिस तो उघडून बघत नसे. आहे, एवढं तिला पुरायचं.

शेवटी तिनं श्वास धरून फक्त डोळे ढकलून काढले. पुट्टी होती तशीच राहू दिली, डोकं बाहेरून पुसलं, आणि आत न बघता डोक्याचं मागचं झाकण लावलं.

गॅरेजमध्ये चौदा डोकी चौदा काड्यांवर लावून थर्माकोलच्या पाटात ओळीनं खोचली होती. प्रत्येक काडीला कागदी चिकटपट्टीचा झेंडा, त्यावर नाव. नेल्डा फवारत होती आणि आर्डिस, कुणी न सांगता, बंदोबस्ताला होती. तिसऱ्याच डोक्याला वाऱ्यानं एक झेंडा उडून ओल्या गालाला चिकटला.

"काढा ते झेंडे!" आर्डिस कडाडली. "सगळे काढा. क्रम माझ्या लक्षात आहे."

"आर्डिस, पण तुमचं आणि माझं शेजारीशेजारी आहे," टॅम्सिन म्हणाली. "दोन्ही सारखीच."

"म्हणूनच शेजारी ठेवलीत. डावीकडचं माझं, उजवीकडचं तुझं. यात चुकण्यासारखं काय आहे?"

झेंडे निघाले. स्प्रे झाला. अर्ध्या तासानं सरोवराकडून ढग सरकला, नेल्डा ओरडली, "आत घ्या, आत घ्या," आणि दोघीतिघींनी पाट उचलून स्वयंपाकघरात नेला. दारातून तो आडवा जाईना, म्हणून फिरवून घेतला. आत टेबलावर ठेवल्यावर बाकीची डोकी ज्याची त्याला ओळखू आली. मग आर्डिसनं शेवटची दोन उपटली, डावं आपल्या पिशवीत टाकलं, उजवं टॅम्सिनच्या हातात दिलं.

"नक्की ना?" टॅम्सिननं विचारलं.

"बत्तीस वर्षांत," आर्डिस म्हणाली, "एका पोराला मी दुसऱ्याच्या बसमध्ये बसवलेलं नाही."

घरी येऊन आर्डिसनं आठवडाभर खपून थेरॉनचा चेहरा रंगवला. तीच आठी, तेच मिटलेले ओठ. मग ती डोळे बसवायला गेली, आणि तिथून तिच्या मागे साडेसाती लागली.

डोळे बसेनात. आत पुट्टी होती, पण डोळा तिच्यात रुतायलाच तयार नाही. एक बसला की दुसरा फिरायचा. थेरॉन छताकडे बघायचा. पुन्हा काढले, पुन्हा बसवले, आता तो फ्रिजकडे बघायचा. तिनं डोळे उकळत्या पाण्यात टाकले, वाळवले, पुट्टी कोमट केली, अंगठ्यानं दाबली, आणि दाबल्यावर तिच्या लक्षात आलं. ठसा गेला. आपल्याच अंगठ्यानं आपण रॉइसचा अंगठा पुसला. आता काय बघायचं आत? तिनं बघितलं नाही. झाकण लावलं आणि सबंध संध्याकाळ भांडी आपटत घालवली.

ऑक्टोबर सगळा असाच गेला. पंधरावी वही उघडून ती लिहायला बसायची. 'वायव्येचा वारा. दिवा साडेपाचला लावला.' पुढं काही सुचायचं नाही. अकरा वर्षं ज्याची एकेक सवय तिला पाठ होती तो समोर बसून फ्रिजकडे बघत होता.

"काय झालंय काय तुला?" ती त्याला म्हणायची. "इकडे बघ. अरे, इकडे बघ म्हणते मी! सबंध थोबाड नव्यानं करून दिलं, आता आणखी काय हवंय?"

आणि तिकडं टॅम्सिनचे फोन सुरू झाले.

"आर्डिस, त्यानं सांगितलं! त्याला थंडी वाजते. पण तो कबूल करत नाही, उलट थट्टा करतो."

"एकतीस नंबरला लिही," आर्डिस म्हणायची.

"आणि त्याचं नाव गस आहे. खनिज वाहणाऱ्या बोटीवर आचारी आहे. पण स्वयंपाक येत नाही त्याला. कुणाला कळलेलं नाही अजून!"

"म्हणजे कसं कळलं नसेल? जेवतात ना ते?"

"तीच तर गंमत आहे!" आणि टॅम्सिन फोनवर एकटीच हसत सुटायची. दोन वर्षं 'माहीत नाही' म्हणणारी पोर आता थांबायचं नाव घेत नव्हती. आर्डिस रिसीव्हर कानापासून लांब धरायची आणि फ्रिजकडे बघणाऱ्या थेरॉनकडे बघायची.

एकदा हसून झाल्यावर टॅम्सिन म्हणाली, "आर्डिस, तुम्हाला एक सांगायचं होतं."

"सांग."

"नाही, म्हणजे... तुम्ही पुट्टी कुठली वापरता?"

"पांढरी. सगळे वापरतात ती. एवढ्यासाठी एवढं तोंड वाकडं करून बोलायला काय झालं?" आर्डिस म्हणाली आणि फोन ठेवला. पुट्टी हा विषय तिला नको होता.

नोव्हेंबरची सभा वाचनालयाच्या तळघरात भरली. आर्डिसच्या मोठ्या पातेल्यात जंगली तांदळाचं सूप, कॉफीची किटली, आणि लांब टेबलावर ओळीनं बसवलेल्या बाहुल्या. नव्यानं रंगवलेल्या प्रत्येकाची मालकानं पानभर ओळख करून द्यायची, असा शिरस्ता. आर्डिसनं थेरॉनची दिली. तिसऱ्या ओळीला कुणीतरी खोकलं. सातव्या ओळीला नेल्डा म्हणाली, "छान. पण आर्डिस, तो बघतोय कुठं?"

"विचारात आहे," आर्डिस दात आवळून म्हणाली आणि बसली.

मग टॅम्सिन उठली. हातात पान नव्हतंच. तिनं गसला टेबलाच्या कडेवर बसवलं, एका पायावर दुसरा पाय, आणि त्याचा हात असा वळवला, की तो आता कुणाच्या तरी खांद्यावर ठेवणार.

"हा गस," ती म्हणाली. "परवा काय झालं, कप्तान आला खाली. ताटलीत बघतो, पुन्हा बघतो. म्हणतो, गस, या सुपात आहे तरी काय? हा म्हणतो, साहेब, सकाळपासून मी पण तेच ओळखायचा प्रयत्न करतोय."

सगळं टेबल हसलं. हातातल्या सुपाकडे बघून आणखी हसलं. टॅम्सिननं चेहरा भारी रंगवला नव्हता, भुवया जरा वरखाली झाल्या होत्या. पण ओठांच्या कोपऱ्यांना तिनं एक बारीक रेघ ओढली होती, आणि तेवढ्यानं तो सगळ्यांची फिरकी घेतल्यासारखा दिसत होता. आर्डिसच्याही ओठांची कड हलली. ते जाणवलं तशी तिनं ती जागच्या जागी आवरली. एकाच साच्यातला ना हा? याच्या तोंडून हे निघतं आणि माझ्या घरी मात्र मुखदुर्बळ?

"आचाऱ्याची टोपी घाल ना त्याला," नेल्डा म्हणाली. "माझ्याकडे आहे, थांब."

टॅम्सिन चपापली. "नको, आत्ता नको..." पण नेल्डानं तोवर हसतहसत गसचा केसांचा टोप ओढून काढला होता.

डाव्या कानाच्या मागे एक टवका उडालेला होता. तांदळाएवढा.

आर्डिसला तो टवका उडाला तो दिवस ठाऊक होता. रॉइसच्या हातून डोकं गॅरेजच्या ओट्यावर आपटलं, तिनं अर्धा तास त्याला फैलावर घेतलं, आणि तो तोंडावर हात धरून उभा होता. इतकी वर्षं टोपाखाली झाकलेला, तो तपासायचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

ती उठली. गसला खाकोटीला मारलं, टॅम्सिनचं मनगट धरलं आणि दोघांना घेऊन कोट टांगायच्या खोलीत गेली.

"हे डोकं माझं आहे."

"हो," टॅम्सिन म्हणाली.

'हो'ची आर्डिसनं तयारी केली नव्हती. "हो म्हणजे? तुला माहीत होतं?"

"दुसऱ्या दिवसापासून."

"दोन महिने!" आर्डिसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "दोन महिने मी तिकडं त्या दगडाशी डोकं फोडतेय, आणि तू मूग गिळून बसलीस? फोनवर हसतेस? पुट्टी विचारतेस?"

"सांगणार होते. चाळीस वेळा फोन उचलला. पण झेंडे तुम्ही काढलेत, आर्डिस. पाट दारातून फिरवला, तेव्हा तुम्ही तिथंच होतात. तुम्हाला, म्हणजे तुम्हाला, कोण सांगणार की तुमचं चुकलं?" "आणि तुम्हीच म्हणायचात ना, डोकं म्हणजे नुसतं रेझिन, माणूस वहीत असतो. म्हटलं, वह्या तर तुमच्याकडेच आहेत."

आर्डिस आणखी भडकली. "उघड ते. मला माझी पुट्टी बघायची आहे."

"ती नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"खरवडून टाकली. जुनी होती, कडक झालेली. मला काय माहीत..." टॅम्सिन तिच्या चेहऱ्याकडे बघून थांबली. "का? काय होतं त्यात?"

"काही नाही," आर्डिस म्हणाली. तिला खाली बसावंसं वाटलं, पण खोलीत खुर्ची नव्हती. रॉइसचा अंगठा कुठल्या तरी कचऱ्याच्या पिशवीत गेला होता, आणि महिनाभर आपण पुसला म्हणून स्वतःला खात होतो तो दुसऱ्याच कुणाचा होता. रडावं की या पोरीच्या एक थोबाडीत द्यावी?

"खरवडली म्हणून तर दिसलं," टॅम्सिन हळूच म्हणाली. तिनं डोक्याचं झाकण काढलं, गसचं डोकं वरच्या झरोक्याच्या उजेडाकडे तिरपं धरलं आणि आर्डिसच्या पुढं केलं.

आत, कपाळाच्या मागच्या बाजूला, जिथं पुट्टी असायची तिथं, पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. आमिषांच्या डब्यांवर असायचं तसं बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर.

'बाईसाहेब, कधीतरी हसू द्या याला. — रॉइस.'

आर्डिसनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. अक्षर तेच होतं. शेवटच्या हिवाळ्यात तिनं करडे डोळे बदलून निळे लावायला सांगितले होते. तो पलंगावर उशी टेकून बसायचा तेव्हा. मांडीवर ट्रे घेऊन त्यानं दोन दिवस लावले, आणि ती दोन्ही दिवस कुरकुरत होती, की एवढ्याशा कामाला एवढा वेळ.

"मी वाचलं," टॅम्सिन म्हणाली, "आणि वाटलं, कुणीतरी सांगून गेलंय, आणि ते कुणी केलंच नाहीये. म्हटलं, आधी एवढं करू. मग देऊ परत. म्हणजे दिल्यावर तरी तुम्ही..." तिनं नाक पुसलं. "पण मग गस बोलायलाच लागला. आणि मला देववेना. चूक झाली माझी. घेऊन जा."

आर्डिस बाहेर गेली, टेबलावरून थेरॉनला उचलून आणलं, आणि तिथंच कोटांच्या खाली दोघींनी डोकी उतरवली. इलॅस्टिकचा आकडा सुटला, आकडा अडकला. आठी पडलेलं डोकं टॅम्सिनच्या बाहुल्याच्या धडावर बसलं, रेघ ओढलेलं डोकं काळ्या कोटावर. टॅम्सिन आता सरळसरळ रडत होती.

"रडायला काय झालं? सूप जळलं का त्याचं?" आर्डिस खेकसली.

"गस गेला ना माझा."

"कुठं जातोय? वह्या कुणाकडे आहेत?"

"मी लिहिलेलंच नाहीये काही!"

"मग आज घरी जा आणि लिही!" आर्डिसनं डोक्याला हात लावला. "देवा रे. चौऱ्याऐंशी प्रश्न दिलेत मी तुला, एक तरी भरायचास. ही आठी पूस आधी, त्याला शोभत नाही. डोळे तू बसव, माझ्याच्यानं होत नाहीत. आणि आला नाही लगेच, तर जवळ बस. आठ दिवसांनी बोलेल."

टॅम्सिन रडतारडता हसली. आर्डिस कोट घालून, सुपाचं पातेलं तिथंच ठेवून, घरी निघाली.

घरी तिनं थेरॉनला स्वयंपाकघरात रॉइसच्या खुर्चीवर बसवलं. दुपारचं ऊन टेबलावर आलं होतं. टॅम्सिननं डोळे सरळ बसवले होते, चांगलेच सरळ. तो बरोबर आर्डिसकडे बघत होता.

"आणि तू," आर्डिस म्हणाली. पण ती थेरॉनशी बोलत नव्हती. "तोंडावर सांगायला काय झालं होतं तुला? जीभ नव्हती? सात वर्षं डोळे बसवलेस त्याचे, सात वर्षं त्या आठीकडे बघत होतास, आणि शेवटी लिहिलंस कुठं तर पुट्टीच्या खाली! मी ती कधी काढणार होते? मेले तरी काढली नसती! ती पोर आळशी असती तर? तिनं खरवडलीच नसती तर? बत्तीस वर्षं लोकांच्या चिठ्ठ्या मी जागच्या जागी पोचवल्या, आणि नवऱ्यानं मला लिहिलेली एक ओळ, चार वर्षं, माझ्याच स्वयंपाकघरात..."

तिचा आवाज चढला होता. कॉफीचा चमचा ती हातात घेऊन हलवत होती, आणि कॉफीची पूड सगळ्या ओट्यावर सांडली होती. समोर थेरॉन काळ्या कोटात, हात मांडीवर ठेवून, ओठांचे कोपरे आवळून बसला होता. जरा कुणी ढकललं असतं तर खांदे हलले असते.

आर्डिस थांबली. तिनं चमचा ठेवला. ती तशीच उभी राहून त्याच्याकडे बघत राहिली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

मग तिनं कपाटातून थेरॉनची प्रश्नावली काढली. चौथं पान उघडलं. प्रश्न सत्तेचाळीस, काय झालं की हसू येतं? तिथलं 'येत नाही' तिनं पेननं आडवी रेघ ओढून खोडलं, आणि खाली, नेहमीच्या स्वच्छ कचेरीतल्या अक्षरात, लिहिलं,

'मी चिडले की.'